मोटारीचा आपत्कालीन साधनसंच

मोटारीचा आपत्कालीन साधनसंच म्हणजे प्रवासात वाहन बंद पडल्यास, चाक पंक्चर झाल्यास, बॅटरी उतरल्यास किंवा अपघात झाल्यास उपयोगी पडावी अशी साधने एकत्र ठेवलेली पेटी अथवा पिशवी होय. बाजारात आणि संकेतस्थळांवर विकल्या जाणाऱ्या तयार संचांत साधारणपणे जंपर केबल, पाने, पक्कड, विजेरी, टोचनाचा दोर, हवा भरण्याचा लहान पंप, परावर्तक त्रिकोण, काच फोडण्याची हातोडी, हातमोजे आणि फ्यूज यांचा समावेश असतो. हे संच अगदी थोड्या किमतीपासून महागड्या किमतीपर्यंत मिळतात. स्वस्त संच विकत घेण्याजोगे असतात का, या प्रश्नाचे उत्तर संपूर्ण संचाला मिळून देता येत नाही. ते त्यातील प्रत्येक साधनावर प्रत्यक्ष वापरात किती भार पडतो यावर अवलंबून असते. ज्या साधनांवर मोठे बल किंवा मोठा विद्युत प्रवाह येतो ती स्वस्त असल्यास बहुधा निकामी ठरतात. ज्यांचे काम केवळ दिसणे, उजेड देणे किंवा हात झाकणे एवढेच असते ती स्वस्त असूनही पुरेशी असतात.

## इतिहास

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात वाहनासोबत हत्यारे बाळगणे ही आवड नव्हती, गरज होती. रस्ते खडबडीत होते, टायर वारंवार पंक्चर होत आणि दुरुस्तीची दुकाने क्वचित आढळत. त्यामुळे चालकालाच थोडीफार दुरुस्ती यावी लागे. पंक्चरच्या अडचणीवर वेल्समधील लनेली येथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये सुट्या चाकाचा उपाय काढला. त्यांचा व्यवसाय त्या गावातील स्टेपनी स्ट्रीटवर होता. त्या नावावरून आलेला ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीसह अनेक भारतीय भाषांत सुट्या चाकासाठी आजही रूढ आहे.

१९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसवण्यात आला. हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास त्यामुळे हळूहळू संपला. मात्र बॅटरी उतरली की मोटार जागची हलत नाही, ही नवी अडचण निर्माण झाली. आजच्या संचातील जंपर केबलचे मूळ या बदलात आहे.

याच काळात वाहनचालकांच्या संघटना स्थापन झाल्या. अमेरिकेत १९०२ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन आणि ब्रिटनमध्ये १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन सुरू झाली. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली. पुढे अशा संघटना, विमा कंपन्या आणि मोटार उत्पादक रस्त्यावर मदत पाठवण्याची सेवा देऊ लागले. दुसरीकडे मोटारींतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढत गेल्या आणि चालकाला स्वतः करता येण्याजोग्या दुरुस्त्या कमी झाल्या. आज रस्त्याच्या कडेला सामान्य चालक करू शकतो अशी कामे मुख्यतः चारच उरली आहेत: चाक बदलणे, ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढणे, दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने इंजिन सुरू करणे आणि फ्यूज बदलणे. संचाची उपयुक्तताही या कामांच्या कसोटीवर तपासावी लागते. त्यातील नगांची संख्या ही कसोटी होऊ शकत नाही.

## घटक आणि त्यांचे मूल्यमापन

### जंपर केबल

उतरलेल्या बॅटरीची मोटार सुरू करण्यासाठी दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीला जोडण्याच्या दोन जाड तारांना जंपर केबल म्हणतात. लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टरही शंभर ते दोनशे अँपिअर इतका प्रवाह घेतो. डिझेल इंजिनांना त्याहून अधिक लागतो. एवढा प्रवाह वाहताना तारेच्या स्वतःच्या रोधामुळे व्होल्टेज कमी होते. तार जितकी बारीक व लांब, तितकी ही घट मोठी.

स्वस्त केबलींत दोन गोष्टी आढळतात. पहिली म्हणजे जाड रबरी किंवा प्लास्टिकच्या आवरणाखाली बारीक धातू. दुसरी म्हणजे शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा पातळ मुलामा दिलेले अॅल्युमिनियम. त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे दोनतृतीयांश असते. प्रत्येकी अडीच मीटर लांबीच्या दोन तारांतून, म्हणजे एकूण पाच मीटर धातूतून, १५० अँपिअर प्रवाह गेल्यास होणारी घट पुढीलप्रमाणे येते:

| तारेचा धातू | छेदाचे क्षेत्रफळ | व्होल्टेजमधील घट |
|---|---|---|
| तांबे | २५ चौ. मिमी | सुमारे ०.५ व्होल्ट |
| तांबे | १६ चौ. मिमी | सुमारे ०.८ व्होल्ट |
| तांबे | ६ चौ. मिमी | सुमारे २.२ व्होल्ट |
| मुलामा दिलेले अॅल्युमिनियम | ६ चौ. मिमी | सुमारे ३.४ व्होल्ट |

पूर्ण भारलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते आणि स्टार्टर फिरताना ते मुळातच खाली येते. त्यातून आणखी तीन व्होल्ट तारेतच गेल्यास स्टार्टरला पुरेशी शक्ती मिळत नाही. प्रत्यक्षात तेवढा प्रवाहच वाहू शकत नाही आणि तार तापते. चिमट्यांची पकड सैल असल्यास घट आणखी वाढते. पाकिटावर ‘५०० अँपिअर’ किंवा ‘१००० अँपिअर’ असे छापलेले असले, तरी धातूचा प्रकार व छेदाचे क्षेत्रफळ दिलेले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. जर्मनीच्या डीआयएन ७२५५३ या मानकात जंपर केबलसाठी १६, २५ आणि ३५ चौ. मिमी ही मापे दिलेली आहेत.

बारीक केबल पूर्णपणे निरुपयोगी मात्र नसते. मदत करणाऱ्या मोटारीचे इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास उतरलेली बॅटरी त्या केबलमधून थोडी भारली जाते आणि मग स्टार्टरला लागणारा बराचसा प्रवाह तीच पुरवू शकते. घाईत लगेच स्टार्टर फिरवल्यामुळे अशी केबल ‘चालत नाही’ असे अनेकदा वाटते.

केबल जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसरा लाल चिमटा चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावला जातो. त्यानंतर काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा चिमटा बंद मोटारीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावतात. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. शेवटची जोडणी करताना उडणारी ठिणगी त्याच्यापासून लांब राहावी, हा यामागील हेतू आहे. काढताना हाच क्रम उलटा पाळला जातो. संकरित व विद्युत मोटारींच्या बाबतीत उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना आधी पाहाव्या लागतात.

### पाने आणि जॅक

मोटारीच्या चाकाचे नट किंवा बोल्ट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात. वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याने ते सोडवायचे तर टोकाला सुमारे ५० किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या पान्याला त्याच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. हवेच्या यंत्राने अधिक आवळलेले किंवा गंजलेले नट याहूनही घट्ट असतात. स्वस्त संचांतील पाने आखूड आणि मऊ पोलादाची असल्यास एक तर ती वाकतात, नाहीतर नटाचे कोपरे घासून गोल करतात. कोपरे गेलेला नट पुढे चांगल्या पान्यालाही दाद देत नाही, म्हणजेच सुटण्याजोगी अडचण वाईट हत्याराने न सुटणारी होते. चाकासाठी लांब दांड्याचा किंवा अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा ‘प्लस पाना’ सुटा विकत घेणे अधिक सोयीचे मानले जाते.

बहुतेक नव्या मोटारींसोबत जॅक, चाकाचा पाना आणि टोचनासाठी पुढे-मागे बसवायची कडी उत्पादकच देतो. ही साधने डिकीतील गालिच्याखाली असल्यामुळे अनेक मालकांना त्यांची माहिती नसते आणि तीच साधने हलक्या दर्जाची पुन्हा विकत घेतली जातात. जॅक केवळ चाक बदलण्यापुरते वाहन उचलण्यासाठी असतो. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग नेणे धोक्याचे असते. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत, वाहन सपाट व कठीण जागी उचलावे आणि नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, अशी पद्धत आहे.

### पंक्चर दुरुस्ती आणि हवेचा पंप

ट्यूबलेस टायरच्या पंक्चरसाठी खरखरीत सुई, भोक असलेली सुई आणि चिकट रबरी दोऱ्या यांचा संच मिळतो. खिळ्याने पडलेले छिद्र खरखरीत सुईने साफ करून त्यात दोरी दाबून बसवली जाते. संच स्वस्त असला तरी हा उपाय अनेकदा यशस्वी होतो, कारण येथे साधनाची मुठीपुरती मजबुती पुरेशी असते. टायरच्या बाजूच्या भिंतीला झालेली इजा मात्र अशा प्रकारे दुरुस्त करता येत नाही. ट्रेडमधील दुरुस्तीही नंतर दुकानात तपासून घ्यावी लागते.

मोटारीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाला त्या सॉकेटच्या फ्यूजची मर्यादा असते. हा फ्यूज सहसा १० ते २० अँपिअरचा असतो. साधारण ३० लिटर आकारमानाचा टायर पूर्ण रिकामा असेल आणि त्यात सुमारे ३० पीएसआय दाब भरायचा असेल, तर वातावरणातील जवळपास ६० लिटर हवा आत ढकलावी लागते. मिनिटाला १० लिटर हवा देणाऱ्या लहान पंपाला यासाठी सहा मिनिटे लागतात. अतिस्वस्त पंप एवढा वेळ सलग चालवल्यास तापतात, म्हणून पुस्तिकेत सलग चालवण्याची कमाल वेळ किती दिली आहे हे पाहावे. असा पंप खरा उपयोगी पडतो तो कमी झालेली हवा वाढवून जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी. त्यावरील दाबमापक अचूक असेलच असे नाही.

### टोचनाचा दोर

लहान मोटारीचे वजनही सुमारे एक टन असते आणि झटका बसल्यास दोरावरील ताण त्यापलीकडे जाऊ शकतो. हलका दोर तुटल्यास टोकाचा लोखंडी आकडा वेगाने उडून काच फोडू शकतो किंवा माणसाला गंभीर इजा करू शकतो. म्हणून स्वस्त संचातील दोर हा सर्वांत कमी भरवशाचा घटक समजला जातो. द्रुतगती मार्गावर दोराने मोटार ओढणे टाळावे. अनेक ऑटोमॅटिक व विद्युत मोटारी चालक चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास त्यांची यंत्रणा बिघडते. त्या गाडीवर चढवूनच न्याव्या लागतात.

### काच फोडण्याची हातोडी

अपघातात दार अडकल्यास किंवा मोटार पाण्यात गेल्यास काच फोडून बाहेर पडण्यासाठी टोकदार हातोडी किंवा स्प्रिंगचे साधन वापरले जाते. कडक केलेल्या काचेवर लहान, टणक टोकाचा आघात झाला की ती तुकडे होऊन पडते. त्यामुळे येथे किमतीपेक्षा टोकाचा टणकपणा महत्त्वाचा असतो. काचेचा प्रकार मात्र निर्णायक ठरतो. समोरची काच दोन थरांत प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते आणि ती अशा साधनांनी फुटून मोकळी होत नाही. काही नव्या मोटारींच्या बाजूच्या काचाही याच प्रकारच्या असतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये सहा साधनांची चाचणी केली. त्यांपैकी चार साधनांनी कडक काच फोडली. थरांची काच एकाही साधनाला भेदता आली नाही. स्प्रिंगची साधने हातोडीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. आपल्या मोटारीच्या कोणत्या काचा कोणत्या प्रकारच्या आहेत हे काचेच्या कोपऱ्यावरील खुणेवरून आधीच पाहून ठेवता येते. हातोडी डिकीतील पेटीत असल्यास तिचा उपयोग नाही. ती चालकाच्या हाताला लागेल अशा जागी हवी.

### फ्यूज

पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावल्यास तारा तापून आग लागण्याचा धोका असतो. तयार संचातील फ्यूज मोटारीत वापरलेल्या आकाराचे आहेत का, हे आधी जुळवून पाहावे लागते.

## दृश्यमानता आणि सुरक्षितता

रस्त्याच्या कडेला थांबलेल्या मोटारीत बिघाडापेक्षा मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. ताशी १०० किमी वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे सरकते. अडथळा लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ४० मीटरहून अधिक अंतर कापले जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ६५ मीटर लागतात. ताशी ८० किमी वेगाला हे एकूण अंतर सुमारे ७५ मीटर असते. ओला रस्ता, झिजलेले टायर किंवा मालाने भरलेला ट्रक असल्यास ते वाढते. मोटारीपासून चार-पाच पावलांवर ठेवलेला त्रिकोण म्हणूनच जवळपास निरर्थक ठरतो.

परावर्तक त्रिकोणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक २७ प्रचलित आहे. त्यानुसार त्रिकोणाची बाजू सुमारे ५० सेंटीमीटर असते आणि तो वाऱ्यात उभा राहिला पाहिजे. स्वस्त संचांतील त्रिकोण हलके असल्यास ट्रकच्या झोताने आडवे होतात. त्रिकोण घेताना परावर्तक पट्टीपेक्षाही त्याच्या पायांचे वजन आणि पसारा तपासणे महत्त्वाचे असते.

त्रिकोण ठेवण्यातही धोका आहे, कारण तो ठेवायला वाहत्या रस्त्याच्या कडेने चालावे लागते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत त्रिकोण किमान ४५ मीटर मागे ठेवावा असे म्हटले आहे. मात्र मोटरवेवर तो कधीही वापरू नये, अशीही सूचना आहे. स्पेनने याच विचाराने १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी मोटारीच्या टपावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा अनिवार्य केला. हा दिवा बाहेर न पडता खिडकीतून हात काढून ठेवता येतो.

या दृष्टीने संचातील सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणजे परावर्तक जॅकेट, बहुधा सर्वांत मोलाची ठरते. ते डिकीऐवजी प्रवासी कक्षात ठेवावे आणि दार उघडण्यापूर्वी अंगात घालावे, असा सल्ला दिला जातो. धोक्याचे दिवे लावून, वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून, सर्व प्रवाशांनी संरक्षक कठड्यापलीकडे उभे राहणे हे दुरुस्तीच्या आधीचे काम आहे. रहदारीच्या बाजूचे चाक द्रुतगती मार्गावर बदलू नये. अशा वेळी हातातील संच कितीही चांगला असला, तरी मदत बोलावणे हाच योग्य मार्ग असतो.

## कायदेशीर तरतुदी

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत नव्या मोटारीसोबत प्रथमोपचार पेटी आणि परावर्तक त्रिकोण देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. २०२० मध्ये या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असलेल्या ठरावीक प्रवासी वाहनांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. अशा मोटारींत दुरुस्तीचा संच हाच पंक्चरवरील एकमेव उपाय असल्याने त्याची स्थिती तपासणे अधिक आवश्यक ठरते.

जर्मनीत प्रथमोपचार पेटी आणि त्रिकोण अनिवार्य असून १ जुलै २०१४ पासून परावर्तक जॅकेटही बंधनकारक आहे. फ्रान्सने २००८ मध्ये जॅकेट आणि त्रिकोण सक्तीचे केले. या देशांच्या कायद्यांत सक्ती दिसण्याच्या व प्रथमोपचाराच्या साधनांची आहे, हत्यारांची नाही, हे लक्षणीय आहे.

## महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील जुन्या राज्यमार्गांवर नाक्यानाक्यावर पंक्चरचे दुकान आणि फाट्याफाट्यावर गॅरेज आढळते. तेथे अडकलेल्या चालकाला संचापेक्षा स्थानिक कारागिराची मदत लवकर मिळते. प्रवेश-नियंत्रित मार्गांवर परिस्थिती वेगळी आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किमी लांबीचा समृद्धी महामार्ग यांवर ठरावीक ठिकाणीच ये-जा करता येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा मार्गालगतच्या गावातील कारागीर कुंपण ओलांडून मोटारीपर्यंत येऊ शकत नाही. परिणामी मदत येईपर्यंत तग धरण्याची साधने, म्हणजे जॅकेट, त्रिकोण, विजेरी, पाणी आणि भ्रमणध्वनी भारित ठेवण्याची सोय, यांचे महत्त्व वाढते. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आपत्कालीन प्रसंगी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

## साठवण आणि देखभाल

उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वाढते. त्यामुळे विजेरीतील सेल गळतात, चिकटपट्टीचा गोंद पाझरतो, पंक्चरच्या दोऱ्या सुकतात आणि लिथियम बॅटरीवर चालणारी इंजिन सुरू करण्याची साधने लवकर खराब होतात. टायरमध्ये सोडायच्या द्रावणाला आणि प्रथमोपचार पेटीतील औषधांना मुदत असते. पावसाळ्यात डिकीत ओल आल्यास हलक्या मुलाम्याचे पाने गंजतात. दर सहा महिन्यांनी, आणि लांबच्या प्रवासापूर्वी, संच उघडून पाहणे तसेच स्टेपनीतील हवा तपासणे इष्ट असते. घराच्या आवारात एकदा स्वतः चाक बदलून पाहिल्यास पान्याची लांबी व जॅकची जागा यांतील उणिवा रस्त्यावर अडकण्याआधीच कळतात.

## निवडीचे निकष

| साधन | स्वस्त नग पुरतो का | काय तपासावे |
|---|---|---|
| परावर्तक जॅकेट, हातमोजे | होय | पट्टीची रुंदी, मापाला येणे |
| विजेरी | बहुधा होय | सेल वेगळे ठेवण्याची सोय |
| पंक्चरचा संच | बहुधा होय | दोऱ्यांचा मऊपणा, मूठ |
| त्रिकोण | काही वेळा | वजन, वाऱ्यात स्थिरता |
| हवेचा पंप | काही वेळा | सलग चालण्याची मर्यादा |
| जंपर केबल | सहसा नाही | धातू, छेदाचे क्षेत्रफळ |
| चाकाचा पाना | सहसा नाही | दांड्याची लांबी, नटाचे माप |
| टोचनाचा दोर | नाही | भारक्षमता, आकडे |

तयार संचाचा एक फायदा असा, की तो विकत घेतल्याने निदान काही साधने मोटारीत येतात; सुटी साधने जमवण्याचे काम अनेकदा लांबणीवर पडते. तोटा असा, की पेटी डिकीत असल्याच्या समाधानात तिच्यातील कमकुवत साधने तपासली जात नाहीत. आधी मोटारीसोबत आलेली साधने पाहून, जॅकेट व विजेरी यांसारख्या वस्तू स्वस्तात घेऊन, उरलेला खर्च एक चांगली केबल व एक लांब पाना यांवर करणे हा या दोहोंमधील व्यवहार्य मार्ग मानला जातो.

## हेही पाहा

* स्टेपनी
* ट्यूबलेस टायर
* प्रथमोपचार
* मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग
* समृद्धी महामार्ग